माझ्या हाताखाली तयार झालेली

आणि वर साहेब मलाच शाबासकी देतात! म्हणे, "पोरगी काय तयार केलीस रे!" तयार?... अहो, वाट लावली मी तिची, वाट! तुम्हाला सांगतो सगळं.

म्हणजे बघा, मी प्रोग्रामर. घरी आई येईल-जाईल त्याला सांगते, "आमचा हा कॉम्प्युटरला कामाला लावतो." कोण कुणाला लावतो ते माझं मला ठाऊक! काम आलं की मी ते एआयला सांगणार, तो भराभर कोड लिहून देणार, मी तो उचलून चिकटवणार. आत काय चाललंय? देव जाणे! पण साहेबांचं एकच, "चालतंय ना? मग झालं!"

अशा माणसाला मुलाखती घ्यायला बसवतात का हो? मला बसवलं! दवाखान्यात पेशंटना नंबर देणारा प्रोग्राम कसा लिहाल? प्रश्न एआयचा, उत्तरही एआयचं, माझा फक्त चेहरा गंभीर. तर ही मुलगी आली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. कागद मागितला. पेन्सिल चावत, पुटपुटत, खोडत, चौकटी काढत बसली... आणि तिचं उत्तर माझ्या उत्तराशी जुळेना! मी आपला भुवया चढवून, "हं... नक्की?" तर म्हणते, "आधी मीही सोपं लिहिलं होतं, सर. पण दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर दोघांना एकच नंबर जातो की!" ते सोपं म्हणजे माझंच बरं का! तडक बाथरूम गाठलं, फोनवर एआयला विचारलं. तो काय म्हणतो? "क्षमस्व, त्यांचंच बरोबर आहे."

घेतली तिला. आयुष्यात एक काम धड केलं... तर दिली माझ्याच हाताखाली!

"सर, तुमच्याकडून खूप शिकायचंय." आणि मग प्रश्न! "सर, तुमच्या कोडमध्ये ही ओळ कशाला?" "असू दे." "काढली तर काय होईल?" "काढू नकोस!" "पण का, सर?" अहो, मला माहीत असतं तर! ती उठताना दिसली की मी पाणी प्यायला जायचो, फोन आल्याचं नाटक करायचो. शेवटी एक दिवस... कुठल्या तोंडानं सांगू... तिच्या टेबलाशी जाऊन, अगदी मायेनं बरं का, म्हटलं, "अगं, कशाला डोकं शिणवतेस? एआयला सांग, चिकटव." ती म्हणाली, "पण मग मला कळणार कसं?" आणि माझ्या तोंडून साहेबच बोलले हो, "चालतंय ना? मग झालं!"

तिच्या भल्यासाठी नव्हतं ते. तिनं मला विचारू नये म्हणून सांगितलं!

थांबले प्रश्न. पेन्सिल गेली, पुटपुटणं गेलं, काम कसं पटापट! परवा काहीतरी अडकलं, मी म्हटलं, "हे तुला येतं गं!" ती शांतपणे म्हणाली, "यायचं, सर." यायचं!... शिवी दिली असती तरी चाललं असतं हो.

काल मात्र ठरवलं, बास! तिला म्हटलं, उद्यापासून रोज तासभर एआय बंद. तू आणि मी, डोकं चालवायचं, अडलं तर अडलं. आणि सांगून टाकलं, त्या ओळी मलाही कळत नाहीत. वाटलं, आता ही तोंड फिरवणार. तर तिचा चेहरा असा उजळला! "खरंच, सर? मग सुरुवात कुठून करायची?"

मी तिच्याकडे बघतोय... ती माझ्याकडे बघतेय... दोघांनाही सुचेना! शेवटी काय करणार? त्यालाच विचारलं, "बाबा रे, तुझ्याशिवाय कसं शिकायचं?"

वेळापत्रक फार झकास करून दिलंय हो त्यानं!