हीटरची वायर

हसू नका गं. देवळालीच्या आमच्या लॉन्ड्रीतल्या मोठ्या ड्रायरच्या हीटरची मेली वायरच जळाली. ओल्या चादरींचा ढीग तसाच पडलेला. हे गेल्यापासून दुकान मीच बघते. गिऱ्हाइकं अजून ह्यांच्याच नंबरवर फोन करतात, म्हणून ह्यांचा मोबाईलही माझ्या पर्समध्येच असतो.

जळका तुकडा घेऊन नाशकात गेले. दुकानदार म्हणाला, "इथे साधी वायर वितळेल. किती डिग्रीची देऊ? कनेक्टर सिरॅमिकचेच ना?"

मला कुठलं कळायला! म्हटलं, "थांबा, विचारून सांगते." आणि सवयीने ह्यांना फोन लावला. रिंग जात होती, मी कानाला लावून उभी.

दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्या पर्समध्ये फोन वाजतोय. आधी तो घ्या ना."