एक कंस कमी

ताई: मग कॉम्प्युटरमधला हा एडिटर खोटं बोलतोय का? चारशे दहा उघडणारे कंस, चारशे दहा बंद करणारे. जुळलं की!

भाऊ: जुळलंय म्हणूनच माझं डोकं फिरलंय. छापून बघितलं, तर बाराव्या औषधापासून पुढचे सगळे डोस लहान मुलांच्या रकान्यात. मोठ्यांचेसुद्धा!

ताई: अरे, हॉस्पिटलसाठी लिहिलेलं माझं पुस्तक आहे ते! मी फार्मसिस्ट आहे, उद्या मलाच धरतील.

भाऊ: माहितेय गं. थांब, एडिटरला नवी आज्ञा लिहून देतो. औषध महिरपी कंसात, मुलांचा डोस त्याच्या आत चौकोनी कंसात. जो शेवटी उघडला, तोच आधी बंद व्हायला हवा. नाही झाला की ओळ दाखवेल.

ताई: आधीची आज्ञाही तूच लिहिली होतीस ना?

भाऊ: ती कंस नुसते मोजायची.

ताई: वा! आणि मी चार दिवस तिच्यावर विसंबून.

भाऊ: बोलू नकोस, चालू दे... हे बघ. ओळ एकशे बारा. चौकोनी उघडाच, आणि महिरपी बंद. म्हणून पुढचं सगळं मुलांचं धरलं गेलं. आणि त्या चौकोनीची जोडी... फाइलच्या अगदी शेवटी? एकटाच कंस? ताई?

ताई: सोमवारी लाल पट्टी आली होती. ‘एक बंद कंस कमी.’ मग मी दिला.

भाऊ: शेवटी?

ताई: कुठे द्यायचा ते कुठे सांगत होती ती? आणि तू फोन उचलत नव्हतास!

भाऊ: कप्पाळ माझं! बरं, तिथला काढला, इथे लावला. झालं. सोमवारनंतर कुणाला प्रत दिली नाहीस ना?

ताई: तू आधी फाइल सेव्ह कर.

भाऊ: ताई.

ताई: मुलांच्या वॉर्डात. आज सकाळी.

भाऊ: फोन लाव. आत्ताच्या आत्ता.

ताई: हॅलो, सिस्टर? फार्मसीतून बोलतेय. सकाळी औषधांची प्रत पाठवली होती, ती बघून कुणाला डोस दिलात का?... बरं... बरं. नाही, नाही, फाडूनच टाका. हो. ठेवते.

भाऊ: काय म्हणाल्या?

ताई: पाकीटसुद्धा फोडलं नाही. आमची जुनी वही बरी आहे म्हणे.

भाऊ: हुश्श! वाचलो.

ताई: हो ना. तीन वर्षं जीव तोडून लिहिलं, आणि कुणी उघडून बघितलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानतेय.