सासूबाईंच्या रासबेऱ्या

…आणि वर तो फ्रीजवाला मलाच म्हणतो, "ताई, एवढं कोंबून ठेवलंत तर मशीन दम टाकणारच." आता याला काय सांगू, की कोंबलं मी नाही, कोंबलं सासूबाईंनी, आणि त्या आता जाब द्यायला नाहीत…

तुम्हाला सांगते, वरचा अख्खा फ्रीजर रासबेऱ्यांनी भरलेला. पिशवीवर पिशवी. बर्फाचा ट्रे आडवा जात नाही, मटार ठेवायला जागा नाही. घरामागच्या कुंपणावरच्या झुडपांवरून सासूबाईंनी स्वतः तोडलेल्या, स्वतः भरलेल्या, आणि मग उन्हाळा संपायच्या आत त्या गेल्याच. झालं. त्या पिशव्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, रोज दुपारी स्वयंपाकघरात यायचे, फ्रीजर उघडायचे, बघत उभे राहायचे, लावायचे, परत खोलीत. कुणाशी बोलणं नाही. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. गार हवा सगळी माझ्या पायांवर. मी बोलले का काही? नाही बोलले.

तर तो फ्रीज बंद पडला. फ्रीजवाला म्हणाला कॉम्प्रेसर गेला, नवा यायला आठवडा. आणि फ्रीजखालून लाल ओघळ निघाला तो थेट दारापर्यंत, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं इथं काय घडलंय. नवऱ्याला विचारलं, या रासबेऱ्यांचं काय करू, तर तो बूट घालता घालता म्हणतो, "बाबांना विचार." नणंदेला फोन केला, तर ती म्हणे, "वहिनी, फेकून दे सरळ. आईनंसुद्धा फेकल्या असत्या." कोणी? सासूबाईंनी? दह्याचा रिकामा डबा धुऊन ठेवणाऱ्या बाईनं?

मी म्हटलं, जॅम करते. पातेलं काढलं, साखर काढली, आणि मागून आवाज आला, "शिजवायच्या नाहीत. तिनं तोडल्या तशाच राहू देत."

बाबा. इतक्या महिन्यांत सलग एवढे शब्द पहिल्यांदा. आता वितळणारी रासबेरी तशीच कशी राहील, मला सांगा. पण मी बोलले का? नाही बोलले. स्टूल घेतलं आणि कपाटावरून ते यंत्र काढलं, फळं वाळवायचं. सफरचंदाच्या चकत्या करीन म्हणून हौसेनं आणलेलं, खोकंसुद्धा फोडलं नव्हतं. उन्हात घालावं तर आभाळ आठवडाभर गच्च.

पहिल्या खेपेला काय झालं, मी जाळ्यांवर नुसत्याच पसरल्या. त्या गोठून वितळलेल्या, अंगात त्राण नाही, रस गळाला तो खालच्या पंख्यात. करपल्याचा वास. बंद केलं, पुसलं, जाळ्यांवर कागद घातला, एकेक रासबेरी चमच्यानं उचलून ठेवली, पुन्हा चालू. आणि ते घों घों घों… दिवसभर. मोलकरीण दोन वेळा विचारून गेली, विमान आहे का काय.

तासाभरानं बाबा खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "हे खालच्या जाळीतलं लवकर वाळतंय. वरची खाली घ्यायला हवी." म्हटलं, "घ्या." आणि ते घेऊ लागले. बोटांनी दाबून बघायचे, उलटायचे, पुन्हा ठेवायचे. मी भाजी चिरत होते. मध्येच म्हणाले, "सूनबाई, ही सगळ्यांत लहान पिशवी आहे ना, ही शेवटची. तिला धाप लागत होती. मी म्हटलं, बस झालं, चल आत. तर म्हणाली, एवढी फांदी करते आणि येते." मग त्यांनी आणखी एक जाळी खाली घेतली. मग म्हणाले, "मी आत येऊन पेपर वाचत बसलो." मी भाजी तशीच टाकली आणि दुसरी खुर्ची ओढून बसले. तुम्हाला सांगते, त्या बाईचं आणि माझं कधी पटलं नाही. पण त्या दिवशी ती लहान पिशवी मी उघडू शकले नाही. बाबांनीच उघडली.

दोन दिवस चाललं हे. आणि एवढा फ्रीजर भरून होत्या त्या वाळून किती झाल्या? एक बरणी. बाबा म्हणाले, "एवढ्याच?" म्हटलं, पाणी उडून जातं, बाबा. एक तोंडात टाकली, चघळली, आणि म्हणाले, "आंबट. तिला पिकलेली कुठली ते कधी कळलंच नाही." आणि हसले. मग पोळी मागितली. मग आणखी एक.

रविवारी नणंद आली. बाबांनी बरणी पुढे केली. तिनं एक खाल्ली, डोळ्यांत पाणी, म्हणते, "आईच्या हाताची चव आहे गं. असं कुणाला जमायचं नाही." बाबा म्हणाले, "नाहीच जमायचं." नवराही मान हलवून म्हणाला, "आईचा हातच तसा."

यंत्र माझं. चमचे माझे. पंखा घासला मी, फरशी पुसली मी, दोन दिवस कान बधिर झाले ते माझे…

मी म्हटलं, "हो ना. आणखी घ्या."