टायटल चालू असताना

—हां हां, घालतो, कानात मशीन घालतो, पळून नाही चाललो मी, पण आधी ते भिंतीवरच्या टीव्हीवर काय लावलंय ते बघ. ह्याच्यावर तपासणार माझे कान? ह्या सिरीयलच्या टायटलवर? सगळ्या सुरतेत तुला दुसरा आवाज मिळाला नाही? — थांब, मान खाली घालून बोलू नको, माझ्याकडे तोंड कर, मी ओठ वाचतो. छातीवर पूजा पाटील लिहिलंय म्हणजे आपल्याकडचीच तू — धुळं? — पारोळा! झालं तर मग, मराठीतच बोल, गुजरातीत ओठ फार लवकर हलतात. लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर, जन्म गेला माझा, नवागामहून सायकल मारत जायचं आणि दिवसभर खटाखट, खटाखट, तिथं कोण कोणाचं ऐकतंय, सगळे ओठांवरच बोलतात. शिवी पण ओठांवर. — नाही, सोबत कोणी नाही. लेकीनं पाठवलंय, चंचलनं, तिकडे सचिन गावाला असते, तिनं पार डोकं खाल्लं, बाबा मशीन लावा, बाबा मशीन लावा, म्हटलं चल बाई, एकदाची तुझी कटकट मिटू दे.

बघ, बघ, लागलं परत! आता बघ हं. बाई पाठमोरी उभी. आता वळेल. वळली. केस उडाले. घरात एवढा वारा कुठून आला गं? समोर समई पेटलेली, ती विझत नाही, हिचे केस तेवढे उडतात! आता सासू. सासू कधी सरळ बघणार नाही, खांद्यावरूनच बघणार, मान आखडलीय जन्माची. आता तो, कोट घालून जिना उतरतोय — घरातल्या घरात कोट! रोज उतरतो, एक दिवस पाय घसरत नाही मेल्याचा. मग सगळं खानदान सोफ्यावर, वरून फुलं, आणि संपलं. नावं तर अशी पळतात जशी मागं पोलीस लागलेत. ह्याला टायटल म्हणायचं? रिंग रोडच्या मार्केटात साडीच्या खोक्यावर असले फोटो चिकटवतात, त्याला कोणी गाणं नाही लावत. हसू नको, हसलीस की ओठ समजत नाहीत.

टायटल कसं असतं ते मी पाहिलंय. आणि ऐकलंय पण — हो, तेव्हा चांगलं ऐकू यायचं मला, लग्न होऊन नुकतेच आलो होतो इकडे, मी आणि कमल. चाळीत एकच टीव्ही, मालकाचा, मगनभाईचा, काळा-पांढरा. आत फक्त त्याच्या घरचे आणि चाळीतली पोरं, आम्ही बाहेर खिडकीला लटकलेलो. तर सुरुवातीला नुसता एक हात यायचा, बाईचा हात, बांगडी घातलेला, आणि तो रांगोळी काढायचा. एक ठिपका — एक नाव. दुसरा ठिपका — दुसरं नाव. चौथी शिकलेल्या माणसालाही वाचता येईल इतकं थांबायचं ते नाव. मागं बासरी, आणि मग एक बाई नुसती गुणगुणायची, शब्द नाहीत काही, नुसता आवाज. रांगोळी पुरी झाली की बासरी थांबायची. बस. केस नाही, वारा नाही, कोट नाही. पुढची गोष्ट काय होती विचारशील तर आठवत नाही, कोणीतरी शेत विकत होता बहुतेक, टुकार होती, पण ते टायटल — ते टायटल होतं. कमलनं दोन रविवारात चाल उचलली. मी रात्रपाळी करून सकाळी अंथरुणावर पडायचो आणि ही स्टोव्हपाशी बसून तीच चाल, भाकरी थापत. झोप लागायची मला त्यात. आता तुला म्हणून सांगतो, अजून लागते — म्हणजे आठवली की. जाऊ दे.

कान एकदम नाही जात, पोरी, तू शिकली असशील पुस्तकात, पण कसे जातात ते मी सांगतो. आधी चिमण्या जातात. मग सायकलची घंटी, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचे आवाज. पुरुषांचे जाडे आवाज मागनं जातात. म्हणजे मालकाची बोंब शेवटपर्यंत ऐकू येते आणि बायकोचा आवाज पहिला जातो — काय न्याय आहे बघ देवाचा! तसं मला काही अडलं नाही. कमलचे ओठ मी वाचतो, डाळ संपली, लाईट गेली, शेजारचे विठ्ठलभाऊ आले, सगळं कळतं. सिरीयलही कळते. रोज साडेसातला ती लावते, मीही बसतो, बोलायला लागले की माझे डोळे ओठांवर, मी हूं की चूं करत नाही. पण टायटलमध्ये कोणी बोलतच नाही ना! नुसते वळतात. मग मी काय करू? मग मी बोलतो. हेच जे तुला सांगितलं ते — आला वारा, उतरला कोटवाला — रोज नवीन काहीतरी सुचतं, भिंतीपलीकडचा विठ्ठल तर भेटला की म्हणतो, शालिग्रामभाऊ, तुमच्यामुळे आम्हाला टीव्ही लावायलाच नको. खूष असतो तो.

आणि ही बाई — तुला सांगतो हसशील — हिला सिरीयलशी मतलबच नाही! हिला टायटलचं गाणंच पाहिजे. सासूनं सुनेला विहिरीत ढकललं तरी ही उठून भाजी चिरायला जाईल, पण गाणं लागलं की भाकरी तव्यावर टाकून येते. एक सिरीयल बंद झाली तर चार दिवस तोंड उतरलेलं, म्हटलं कोण मेलं त्यात, म्हणते, मेलं कोणी नाही, ते गाणं गेलं. अडाणीपणा! साड्यांना लेस लावत बसते आणि ओठ हलत असतात तिचे. कोणतं गाणं ते काय मला कळणार? ओठ दिसतात मला, चाल थोडीच दिसते.

— आता कुठे आहे म्हणजे? सचिनला. चंचलकडे. लेकीला बरं नाही म्हणून गेलीय. — अगं बरी आहे ती, घोड्यासारखी फिरते, चाळीत असं सांगायचं असतं. अखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात, आमच्याकडे उलटी गंगा, आई लेकीकडे गेली. अखाजीला गेली ती अजून तिकडेच. काय कारण? सांगितलं तर खरं वाटणार नाही तुला. नवीन सिरीयल लागली होती, पहिलाच दिवस. टायटल आलं, मी सुरू झालो, आणि खरंच चांगलं जमलं होतं मला त्या दिवशी, त्यात एक पोपट होता, तो पोपटच सगळ्यात चांगलं काम करत होता म्हटलं. तर ही उठली, टीव्ही बंद केला, माझ्यासमोर येऊन बसली, आणि म्हणाली — ओठ थरथरत होते म्हणून आधी समजलं नाही, परत म्हणायला लावलं मी — म्हणाली, "एकदाव तरी ऐकू द्या ना माले." मी म्हटलं, ऐकण्यासारखं आहे काय त्यात? सकाळी पिशवी भरली. एका गाण्यापायी! पिणाऱ्या नवऱ्याला सोडत नाहीत बायका, मारणाऱ्याला सोडत नाहीत, आणि ही एका पोपटाच्या गाण्यापायी! फोनवर तोंड दिसतं तिचं, व्हिडिओत, पण हात लांब करून धरते फोन, ओठ एवढेसे दिसतात, काय वाचणार? मी बोलतो, ती मान हलवते. झालं.

मला काय फरक पडतो? भाकरी येते मला. साडेसातला टीव्ही लावतो. टायटल लागलं की आवाज पुरा वाढवतो, पार शेवटपर्यंत — वाजू दे म्हणतो, गाणं असू दे घरात. मी नाही बोलत मग. एकट्यानं काय बोलायचं? परवा विठ्ठल दार ठोकत आला, हात जोडून म्हणतो, भाऊ, पोरीची परीक्षा आहे. — रडत नाहीये मी, तुझ्या त्या एसीचा वारा डोळ्यात जातोय. — नाही, चंचलला माहीत नाही मी इथं आलोय. कोणालाच माहीत नाही. तिनं पाठवलं म्हटलं का मी? असेल म्हटलं. तू घाल ना ते मशीन, किती बोलायला लावतेस!

हां. गार लागतंय. — शिट्टी वाजली काहीतरी. — बापरे! हे काय? कोण ओरडतंय? बाहेर भांडण लागलं का कोणाचं, गिऱ्हाइकाचं? — कोण? मी? — मी बोलतोय तो? — हट्. मशीन कमी कर तुझं. — कमीच आहे? — आता? आता पण? असा — असा बोलतो मी? दळणाच्या गिरणीत उभं राहून बोलल्यासारखा?

आणि आता, एवढं हळू? बरं आहे? — एवढं बरं आहे?

रोज साडेसातला हा आवाज — भिंतीपलीकडे — आणि ही इथं, हातभर अंतरावर बसायची.

नाही, काढू नको. आणि टीव्ही पण बंद करू नको, असू दे. — बाई गाते ना ही? बाईचाच आवाज आहे ना? — वाटलंच. टुकार आहे गाणं. टुकार तर टुकार. एक बाई गाते त्याला इतकं काय — जरा थांब.

.

संपलं होय.

किती लहान असतं गं.

बरं, चल, काय द्यायचं ते सांग आणि मोकळं कर मला, उधन्याहून सचिनची रिक्षा धरायचीय, उशीर झाला की ते शटलवाले भरल्याशिवाय हलत नाहीत. — काय? मशीनची डबी? दे, खिशात ठेवतो. — आणि तोंड एवढं वेडंवाकडं करून कशाला बोलतेस गं? ऐकू येतंय मला.