मास्तरांच्या मापाचा मास्क

...अहो, पण कागदावर छापलंय म्हणून काय झालं? छापलेलं सगळं खरं व्हायलाच पाहिजे का? टेलरमास्तरांचं नेमकं हेच भांडण होतं! म्हणजे बघा, घशात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रेडिएशनचे तेहतीस शेक घ्यायचे, गाठ जाईल, पण वाटेत त्रास होईल. तो या कागदावर लिहिलाय, नीट वाचा, मग सही करा.” मास्तरांनी वाचलं? छे! चष्मा राहिला दुकानात, ठोकली सही! थुंकी आटेल, चव जाईल, तोंडात फोड येतील, आवाज बसेल, जबडा आखडेल... सांगितलं होतं हो, सगळं सांगितलं होतं!

पहिले दहा दिवस मास्तर राजा! मेव्हणा रोज स्कूटरवरून न्यायचा. टेबलावर उताणं झोपायचं, तोंडावर मास्तरांच्याच मापाचा जाळीदार मास्क, तो खटाखट टेबलाला अडकवलेला, नाकपुडी हलायची बिशाद नाही! दहा मिनिटांत बाहेर, की थेट दुकान. गिऱ्हाइकांना सांगायचे, “शेक कसला, एवढ्यात रुमालसुद्धा वाळायचा नाही!”

आणि तेराव्या शेकाला थुंकी गायब! तुम्हाला सांगतो, शिंप्याची थुंकी जाणं म्हणजे काय चेष्टा आहे? चाळीस वर्षं ओठांत दोरा ओला करून ओवणारा माणूस! दोरा तोंडात घातला, फिरवला, बाहेर काढला... कोरडा ठणठणीत! शेवटी मशीनशेजारी पाण्याची वाटी आली. मग चव गेली. चहाचा घोट घेतला आणि बायकोवर कडाडले, “चहात खडू उगाळलास काय गं?” ती म्हणाली, “तुमचा खडू दुकानात आहे, आणि हा चहा तुमचा तुम्हीच केलाय!” आता बोला! पण सांगितलं होतं हो, सगळं सांगितलं होतं!

मग फोड आले. पाण्याचा घोट म्हणजे काचेचा चुरा! मानेची कातडी इस्त्री विसरल्यासारखी करपली. आवाज असा बसला, की मास्तर खडूनं कापडावर लिहून भांडायला लागले. आणि वजन? दर रविवारी स्वतःची पँट आत घ्यायची, इतकी, की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला आले! बायको स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडायची, बाहेर येऊन म्हणायची, “दोन चमचे तरी घ्या हो.” दोन चमच्यांना पाऊण तास!

बावीस शेक झाले आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता नाकातून नळी घालू, पोटात अन्न तरी जाईल.” मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि मेव्हण्याच्या काळ्या बॅगेवर लिहिलं, ‘नळी नाही. शेक नाही. घरी.’

“दाजी, अकराच राहिलेत! मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल म्हणतायत!”

मास्तरांनी ‘घरी’खाली दोन रेघा ओढल्या आणि निघाले!

तेवढ्यात शेकाचं मशीन चालवणारी ताई मास्क घेऊन धावत आली. “काका, जायचं तर जा, पण तुम्ही कपडे शिवता ना? मग एवढं फिटिंग बघून जा.”

फिटिंग! मास्तर थांबले. मास्क चेहऱ्याला लावला, गालापाशी बोट घातलं... एक गेलं. दुसरंही गेलं! घशातून कसाबसा आवाज निघाला, “ढिला आहे.”

“तेच म्हणते! तुम्ही असेच वाळत राहिलात, तर चेहरा आत हलणार आणि शेक गाठ सोडून शेजारी बसणार. नवीन मास्क करू हो, पण आठवड्यानं तोही ढिला! गिऱ्हाईकच मापात राहत नसेल, तर शिवणाऱ्यानं करायचं काय?”

हे मात्र कागदावर नव्हतं बरं का! मास्तरांनी मास्क उलटा करून आतून बघितला, बाहेरून बघितला. मग खुर्चीवर बसले, मान वर केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “नवीन माप घ्या. आणि घाला ती नळी. आता माप हलणार नाही.”

आणि नाही हलवलं हो! नळीतून दूध, नळीतून सूप, तेहतीस शेक पुरे! पुढे नळी निघाली, आवाज निम्मा परतला. जबडा आखडला, तर दातांत एकावर एक लाकडी पट्ट्या धरून तोंड उघडायचा व्यायाम... “आज सात पट्ट्या मावल्या!” अशी गल्लीभर दवंडी! थुंकी मात्र अर्धीमुर्धीच आली, पाण्याची बाटली कायमची सोबत. तेही सांगितलं होतं म्हणा!

तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टरबाई नाकातून दुर्बीण घालून घसा बघतायत, मास्तरांनी बायकोचा हात असा धरलाय की बांगडी वाकली, मेव्हणा कोपऱ्यात श्वास रोखून उभा... आणि बाई म्हणाल्या, “स्वच्छ आहे. गाठ नाही!”

बायको मटकन खाली बसली, आणि मेव्हण्यानं जी उडी मारली, ती थेट औषधांच्या कपाटाच्या कोपऱ्यावर! डोकं फुटलं! शेजारच्या खोलीत शिकाऊ डॉक्टरनं दोन टाके घातले. मास्तर घाईघाईनं आत आले, चष्मा सावरला, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

“हात कच्चा आहे,” मास्तर म्हणाले. “उसवा. मी खुणा करून देतो.”

मेव्हण्यानं डोळे मिटले. “राहू द्या हो दाजी... केसांखाली जाईल.”