ओल्या बोज्यावरचा भ

(अमरावती. अमेरिकेतल्या लढाईमुळं वऱ्हाडच्या कापसावर मुंबईवाल्यांच्या उड्या पडत होत्या, त्या वर्षांतली एक सकाळ. खुशालराव पाटलांच्या आवारात बाया चरक्यावर कापसातली सरकी काढतात. त्यांची लेकरं सांभाळायची छपरी.)

खुशालराव : …तुमी एवढंच म्हणायचं, दुर्गाबाई. लेकरं कायलेबी भ म्हणतात. गाय दिसली, भ. गाडी दिसली, भ. दलाल हसंल आन् गोष्ट मिटंल.

दुर्गाबाई : माह्या छपरीतलं कोणतंच लेकरू गाईले भ म्हणत नाही, पाटील.

खुशालराव : नसंल म्हणत. पण म्हणतात म्हणून सांगा तुमी. घटकाभरात येऊन राहिला थो.

दुर्गाबाई : मंग त्याले बसाले घोंगडं टाका. मी खोटं बोलणार नाही.

खुशालराव : झालं काय, थे तरी समजलं काय तुमाले? काल मी नांदगावले गेलो होतो. इकडे मुंबईचा दलाल आला. ओमप्रकाश मुनीम त्याले कापसाचे बोजे दाखवून राहिला. सारं ठीक चाललं होतं. तेवढ्यात तुमच्या छपरीतली एक पोट्टी तुरुतुरु गेली, एका बोज्यावर बोट ठेवलं आन् म्हणे, भ भाकरीचा. दलाल पहिले हसला. मंग इचारते, साऱ्या बोज्यायवर नाही, याच्यावरच भ काहून? मुनीम दुसऱ्या बोज्याकडे वळला. दलालानं आत हात घातला. ओला निंगाला.

दुर्गाबाई : भिजवलेल्याचा भ. थे अक्षर मी नाही लिवलं.

खुशालराव : थे हमालांसाठी होतं. वजन वाढवाले ओले केलेले बोजे गाडीत खाली गेले पायजे ना. हमालायले कुठं वाचता येते, त्यायच्यासाठी थे एक चित्र. या आवारात कोणालेच वाचता येत नव्हतं, म्हणून तर चालून राहिलं होतं.

दुर्गाबाई : आता येते.

खुशालराव : थेच म्हणतो मी. तुमाले लेकरं राखाले ठेवलं. तुमी मातीचे अक्षर करता, चुलीत भाजता, सरकी काढलेल्या रुईच्या ढिगात लपवता, आन् पोट्ट्यायले डोळे मिटून शोधाले लावता. मी कधी बोललो? म्हटलं, म्हातारी रमून राहिली.

दुर्गाबाई : रमलीच मी. तीन वर्साचं लेकरू ढिगात हात घालते, बोटानं चाचपते आन् बाहेर काढायच्या आंदी सांगते, हा ग हाये, याचा दांडा दूर हाये. मंग ओल्या मातीत एकेक सरकी टोचून थोच ग पुन्हा करते. दुपारभर रडत नाही. तुमच्या पंतोजीजवळ आठ वर्साचे घोडे छडी खाऊन बी ग आठवत बसतात.

खुशालराव : पंतोजी तर म्हणतात, पाचव्या वर्साच्या आंदी अक्षर दिलं तर लेकराची नजर जाते. पोरीले तर देऊच नाही.

दुर्गाबाई : माही गेली काय? माहा भाऊ पाटीवर धूळ पसरून गिरवे. त्यानं गिरवलं का मी पाटी हलवून पुसायची, एवढंच काम होतं मले. पुसता पुसता शिकली. साठी उलटली, अजून सुईत दोरा ओवते. पंतोजीले म्हणा, ओवून दाखव.

नईमा : पाटीलजी, माफ करा, बीच में बोलते. माह्या चरक्यावर मुनीमजीनं दुसरी बाई बसवली. मेरा कसूर क्या है?

खुशालराव : बरी आली तू, नईमा. तुही हलीमा. तिनंच वाचलं काल.

नईमा : हलीमानं? काल?

दुर्गाबाई : नईमा, तू थांब जराशी.

खुशालराव : थांबते काहून? आयक, नईमा. दलाल आला का पोरीले घेऊन त्याच्यापुढं ये. त्यानं अक्षर दाखवलं तर तिनं मुक्यावानी उभं राहायचं. तुहा चरका तुले भेटते. नाही तर चरका गेला, आन् ही छपरी बी बंद. पहिले जसे चरक्याच्या खुट्याले लेकरं बांधत होत्या, तसेच बांधा.

नईमा : बांधत होते ना मी. तिथंच तर तिचं बोट चरक्यात गेलं. अल्लानं हात वाचवला, बोट नाही वाचलं. तुमीच हळद पाठवली होती, भूलले क्या? दुर्गामाय, आता मी चूप नाही राहत.

दुर्गाबाई : दुसऱ्या लेकराले मार बसंल, बाई.

नईमा : तो मेरी बच्ची का नाम कायको? पाटीलजी, हलीमा काल इथं नव्हतीच. बुखार आहे तिले. दोन दिवस झाले, बडनेऱ्याले नानीजवळ आहे.

खुशालराव : मंग थे कोण होती? ओमप्रकाश नुस्ता म्हणे, छपरीतली पोट्टी. मीच म्हटलं, नईमाची असंल. त्यानं मान हलवली.

दुर्गाबाई : दुसरं नाव घ्यायची त्याची छाती झाली नसंल.

खुशालराव : कोणतं नाव?

दुर्गाबाई : पहिले म्हणा, हात उगारणार नाही.

खुशालराव : दुर्गाबाई.

दुर्गाबाई : म्हणा.

खुशालराव : नाही उगारत.

दुर्गाबाई : शकुन. तुमची नात.

खुशालराव : माह्या घरची पोट्टी इथं मातीत कशी आली? कोणी आणली?

दुर्गाबाई : आणणारीचं नाव माह्या तोंडून निंगणार नाही.

खुशालराव : सुनबाई.

दुर्गाबाई : मी नाव घेतलं नाही. दोन महिने झाले, रोज येते शकुन. आता दलाल आला का तुमीच त्याले सांगा, माही नात गाईले भ म्हणते. मी आडवी येत नाही. पण मले इचारलं तर जे हाये थे सांगीन. छपरी बंद करा, तुमची हाये. उद्या मी लेकरं घेऊन फाटकाबाहेर निंबाखाली बसीन. तुमची एकेक गाडी तिथूनच जाते. बोज्यावर जे दिसंल, थे लेकरं वाचतीन. मोठ्यानं वाचा म्हणूनच शिकवलं मी त्यायले.

नईमा : आणि खुटे तुमच्याजवळच ठेवा. आमच्या लेकरायले पुन्हा बांधून एक बी बाई चरका नाही फिरवणार. आज़माके देखो, पाटीलजी.

खुशालराव : तुमी दोघी मले धमकावून राहिल्या?

दुर्गाबाई : धमकी काहून? उद्या कुठं बसणार, थे सांगून राहिलो आमी.

नईमा : घुंगरं वाजून राहिली. दलालाचीच बैलाची दमणी दिसते.

खुशालराव : नईमा… जाय, ओमप्रकाशले सांग. ओले बोजे फोडा आन् रुई उन्हात पसरा म्हणा. आता. दलालाच्या डोळ्यादेखत.

नईमा : आणि माहा चरका?

खुशालराव : तुहाच हाये. त्या बाईले दुसऱ्यावर बसव. जाय.

दुर्गाबाई : आन् मी, पाटील? निंबाखाली का इथं?

खुशालराव : इथंच बसा. ऊन लागंल लेकरायले. दुर्गाबाई, मी काल इथं नव्हतो ना…

दुर्गाबाई : नव्हते.

खुशालराव : वाचताना अडली काय शकुन?

दुर्गाबाई : नाही, पाटील. अडली नाही.