क्लचचं रबर

सेल्समन : ...म्हणजे सीट कव्हर, मॅट, दारांच्या कडांना पट्ट्या, शिवाय रंगावर तीन वर्षं टिकणारं कोटिंग. हे सगळं धरूनच किंमत आहे, मॅडम.

आई : हे तुम्ही मघापासून हिला का सांगताय? गाडी मी घेतेय.

सेल्समन : हो हो, आजी, तुमच्याचसाठी तर...

आई : आजी नको. मला दोन नातवंडं आहेत आणि दोघंही आत्ता शाळेत आहेत. त्या पट्ट्या काढा.

सेल्समन : त्या काढता येत नाहीत, काकू. पॅकेज आहे.

आई : गाडीला लावल्यात?

सेल्समन : नाही, लावायच्या आहेत.

आई : मग लावू नका. झालं.

लेक : आई, जरा सरळ बोल ना त्यांच्याशी.

आई : सरळच बोलतेय. कोटिंगही नको. माझी गाडी एकोणीस वर्षं उन्हात उभी होती. रंग नाही गेला, गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्सला लावायचं काही असेल तर बोला.

सेल्समन : काकू, तुम्ही फारच मजेशीर बोलता. थांबा, मी एकदा मॅनेजरसाहेबांना विचारून येतो.

आई : तिसऱ्यांदा चाललात. त्यांनाच इकडे बोलवा, तुमचे पाय तरी वाचतील.

सेल्समन : ते मीटिंगमध्ये आहेत.

आई : मघाशी मॅटचे पैसे कमी केले, ते मीटिंगमधूनच का?

सेल्समन : दोनच मिनिटं, काकू. आलोच.

लेक : गेला बिचारा. किती पिडतेस त्याला!

आई : मी कुठे पिडतेय? तोच मला दमवतोय. म्हाताऱ्या बाईला तासभर काचेच्या खोलीत बसवलं की ती कंटाळून कशावरही सही करते, एवढं त्याला शिकवलेलं आहे. फाइल इथेच टाकून गेला बघ. माझा चष्मा दे.

लेक : आई, नको. त्यांची फाइल आहे ती.

आई : माझ्या गाडीची आहे. हं... मॉडेल बरोबर. रंग, चंदेरी. हे कुणी ठरवलं? मला निळी हवी होती. मालकाचं नाव...

लेक : आई, मी सांगणारच होते.

आई : तुझं नाव आहे.

लेक : ऐक तरी.

आई : टाइप केलेलं आहे. जन्मतारखेसकट. म्हणजे आज इथे बसून नाही लिहिलेलं.

लेक : काल फोन केला होता मी त्याला. गाडी माझ्या नावावर राहील, चालवायला आपण माणूस ठेवू. तुला पाहिजे तेव्हा तो येईल, नेईल, आणील. तुला त्रास नको म्हणून.

आई : पैसे माझे, नाव तुझं, हातपाय त्याचे. मग मला कशाला आणलंस? चेकवर सही करायला?

लेक : फाटकाला गाडी घासलीस. मला बोलली नाहीस. दोन महिने ती बाजू भिंतीकडे करून लावत होतीस, मला दिसू नये म्हणून.

आई : ते चुकलं माझं. घासलं ते नाही, ते कुणाकडूनही होतं. लपवलं, ते चुकलं.

लेक : तुझ्या घरून फोन आला ना, की उचलायच्या आधी मी गाडीची किल्ली शोधते.

आई : आणि आमचं काय चाललंय, ठाऊक आहे? आम्हा चौघी मैत्रिणींमधली आता मीच एक गाडी चालवते. गुरुवारी लायब्ररी, महिन्यातून एकदा डोळ्यांचा डॉक्टर. गुडघेवाली तर दोन वर्षांत बसमध्ये चढलेली नाही. गिअरबॉक्स गेल्यापासून पाच आठवडे आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. फोनवर नुसतं 'ऐकू येतंय का', 'ऐकू येतंय का'. दुसरं बोलणंच नाही.

लेक : म्हणून तर ड्रायव्हर म्हणतेय.

आई : तो दहाला येणार, सहाला जाणार, आणि कुठे जायचं ते आधी तुला विचारणार. एकतीस वर्षं मी बायकांना गाडी शिकवली. त्यांचे नवरे मागच्या सीटवर बसून म्हणायचे, हिला नाही जमायचं. मी त्यांना भर रस्त्यात खाली उतरवायची. आज माझी लेकच मागे बसलीय.

लेक : असं नको ना बोलू.

आई : कितीजणींना मीच सांगितलंय, बाई, तुझं अजून होत नाही, आणखी पंधरा दिवस ये. पण शेजारी बसून. तोंडावर. तुला मला नापास करायचंय ना? तसं कर. फॉर्मवर परस्पर नको.

सेल्समन : आनंदाची बातमी, काकू! साहेबांनी तुमच्यासाठी खास मंजूर केलं. पट्ट्या फ्री, कोटिंग फ्री, वर किमतीत घसघशीत सूट. फक्त सही आज सहाच्या आत हवी. आणि थांबायचंही नाही, चंदेरी गाडी मागे तयार उभी आहे.

आई : मघाशी सहा आठवडे लागतील म्हणालात.

सेल्समन : एक बुकिंग रद्द झालं. नशीब तुमचं!

आई : मग नशीब आधी बघून घेऊ. दाखवा.

सेल्समन : डिलिव्हरीला छान दाखवतो की, रिबन-बिबन लावून.

आई : मला रिबन लावायच्या आधी बघायचीय.

(शोरूममागचं आवार. चंदेरी गाडीचं पुढचं दार उघडं.)

सेल्समन : बघा, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

आई : छान. तुमच्या मोबाइलचा टॉर्च लावा. इकडे नाही, खाली. पायाशी.

सेल्समन : पायाशी काय बघायचं, काकू?

आई : क्लचच्या पेडलवरचं रबर. तू ये गं इकडे, वाक. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा बघ. आता या बघ, क्लचच्या. डाव्या कडेला बोट फिरव.

लेक : गुळगुळीत लागतंय.

आई : नवशिक्या माणसाचा पाय क्लचवरून हलत नाही. घाबरून तिथेच ठेवतो. शिकवणीच्या गाडीचं हे रबर मी वर्षातून दोनदा बदलायची. आणि परक्या गाडीत सगळेच नवशिके. किती लोकांनी चालवून बघितली ही?

सेल्समन : तसं नाही, काकू... शोरूमच्याच कामाला... डेमोला थोडीशी.

लेक : थोडीशी म्हणजे किती?

सेल्समन : सात महिने.

लेक : सात महिने! आणि हे प्लास्टिक?

सेल्समन : ते आम्ही नवीन चढवतो.

लेक : काल फोनवर तुम्ही मला काय सांगितलंत? कोरी गाडी, मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा! मी सगळी माहिती देऊन मोकळी झाले.

सेल्समन : बिलावर आम्ही लिहितोच, मॅडम. शेवटच्या पानावर.

आई : बारीक अक्षरात. म्हातारीला कुठून दिसणार.

सेल्समन : काकू, रागावू नका. मी साहेबांना विचारून आणखी थोडं...

आई : आता विचारायचं नाही, जाऊन सांगायचं. मला कोरी गाडी हवी. निळी. पट्ट्या नाहीत, कोटिंग नाही. सहा आठवडे थांबेन मी. हे सगळं लेखी पाठवा, मग घ्यायची की नाही ते ठरवीन. तुमच्याकडूनच घेईन असंही नाही.

सेल्समन : पाठवतो. आणि फॉर्मवर... नाव कुणाचं घालू?

आई : हिला विचारा. सकाळपासून तिच्याशीच बोलताय.

लेक : आईचं.

सेल्समन : पण मॅडम, काल तुम्हीच तर...

लेक : काल मी चुकले. आईचं नाव घाला. आणि नीट कसं लिहायचं, ते तिला विचारून घ्या.

आई : उद्या फोन करा, सांगेन. आत्ता माझे पाय दुखताहेत. चल गं. तुझी गाडी कुठे लावलीस?

लेक : समोर, झाडाखाली. आई, तू रबर ओळखलंस म्हणून मी फाटक विसरले असं समजू नकोस. भीती आहे ती आहेच मला.

आई : असू दे. खोटं नको बोलूस, एवढंच.

लेक : मग ही किल्ली घे. घरापर्यंत तू चालव. मोठ्या रस्त्याने नाही, आतून. मी शेजारी बसते.

आई : परीक्षा घेतेस?

लेक : हो. आणि नाही जमलं तर मी तोंडावर सांगणार.

आई : सांग. सहा आठवडे आहेत माझ्याकडे, रोज सराव करीन.

लेक : वाटेत बोललेलं चालेल ना तुला?

आई : बोल की. ओरडलीस तरी चालेल. फक्त स्टिअरिंगला हात लावायचा नाही.